नदीचे पाणी मुलांच्या पोटात तपासू नका

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा दवाखाना नीरेच्या काठापासून फार लांब नाही. सकाळी आठच्या सुमाराला एकाच वस्तीवरची चार मुले उलट्या-जुलाबांनी गळून गेलेली आली. सोबत आजी, तिची सून आणि शेजारची एक बाई. दोघांना सलाइन लावले, दोघांना ओआरएस पाजत बसवले. दुपारपर्यंत मुलांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. नेहमीप्रमाणे मी विचारले, "पाणी कुठलं पिता?"

"नदीकडच्या हिरीचं."

"पाण्यात काही फरक वाटला का?"

"वास येत हुता की. नदी काळी झालीया, मासं बी मेलं हुतं."

"कधीपासून?"

आजीने सुनेकडे पाहिले, सुनेने शेजारणीकडे. मग उत्तर आले, "झालं की आठ-पंधरा दिस."

साधारण पाच आठवड्यांनी तीच सून पुन्हा आली. तिला सातवा महिना होता. डोळे पिवळे, तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही. तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. मी तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. ती वाचली. बाळ वाचले नाही.

हे त्या पाण्यानेच झाले का? मला वाटते, हो. पण मी ते सिद्ध करू शकत नाही. पाणी नेमके कधी बिघडले, किती दिवस बिघडलेले होते, विहिरीत कधी उतरले, यातले काहीही कुणी लिहून ठेवलेले नव्हते. माझ्याकडे होते ते फक्त "आठ-पंधरा दिस".

म्हणून आज बीपी-शुगरचा विषय बाजूला ठेवून बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या नदीकाठच्या वाचकांशी थोडे भांडायचे आहे. माझे म्हणणे साधे आहे. कऱ्हा, नीरा आणि भीमेच्या पाण्याची नियमित नोंद काठावरच्या गावांनी स्वतः ठेवली पाहिजे. ती ठेवली नाही तरी पाण्याची तपासणी होतेच. फक्त ती तुमच्या मुलांच्या पोटात होते आणि तिचा अहवाल माझ्या दवाखान्यात येतो.

रोग उशिरा येतो, पाणी आधीच निघून जाते

दूषित पाणी प्यायल्यावर माणूस लगेच आजारी पडतो, असा बहुतेकांचा समज असतो. पटकीच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. काही तासांपासून पाच दिवसांत लक्षणे दिसतात. पण टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात. हिपॅटायटिस ए, म्हणजे मुलांमध्ये नेहमी दिसणारी कावीळ, दोन ते सात आठवड्यांनी उमटते. हिपॅटायटिस ई दोन ते नऊ आठवड्यांनी. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. काविळीवर झाडपाला घेत, गळ्यात माळ बांधून आठवडा घालवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता हिशेब करा. आज तुमचे डोळे पिवळे दिसत आहेत, म्हणजे ते पाणी तुम्ही महिन्यापूर्वी प्यायलात. तेव्हा बंधाऱ्यात अडलेले पाणी ढापे काढल्यावर कधीच खाली गेले असेल. नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळून ते पंढरपूरच्या वाटेला लागले असेल. आज नदीवर जाऊन बाटली भरली, तर कदाचित पाणी चांगलेच निघेल. मग सगळे म्हणणार, "डॉक्टर उगाच घाबरवतात."

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले, ते तुम्ही वाचले असेल. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. या आजारात आधी जुलाब होऊन जातात, माणूस बरा होतो आणि एक ते तीन आठवड्यांनी पायांतली ताकद जायला लागते. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू अनेकदा त्याच्या मागे असतो आणि पुण्यातही तो काही रुग्णांत सापडला. तिथेही पहिला प्रश्न पाण्याचाच आला: आधीच्या आठवड्यांत पाणी कसे होते?

या प्रश्नाचे उत्तर आठवणीतून देता येत नाही. त्यासाठी वही लागते.

"मळीच्या पाण्यात कावीळ कुठली?"

हा प्रश्न मला एका शिकलेल्या बागायतदाराने विचारला. प्रश्न बरोबर आहे. कावीळ, टायफॉइड, पटकी यांचे जंतू माणसाच्या विष्ठेतून येतात, कारखान्यातून नाही. ते येतात गावच्या गटारीतून, ओढ्यातून, नदीकाठच्या हागणदारीतून आणि शहरांच्या सांडपाण्यातून. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते, हे इंदापूरकरांना मी सांगायला नको. कऱ्हेला आणि नीरेला आपण स्वतः काय देतो, तेही डोळ्यांसमोर आहे.

पण मळीमिश्रित पाणी जंतूंना वाट करून देते. डिस्टिलरीतून निघणाऱ्या कच्च्या स्पेंट वॉशमध्ये सेंद्रिय घाण प्रचंड असते. ती बीओडी या मापाने मोजतात: ती घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाईल, त्याचे हे माप. घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरला सुमारे दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असते. प्रक्रिया न केलेल्या स्पेंट वॉशची चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाते. म्हणजे असे एक लिटर पाणी नदीत सोडणे हे दीडशे-दोनशे लिटर गटारीचे पाणी सोडण्यासारखे आहे. पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. नदी काळी होते, वास सुटतो.

तेच पाणी झिरपून विहिरीत किंवा उपशातून टाकीत आले की जलसुरक्षक नेहमीच्या मापाने टीसीएल टाकतो. पण क्लोरीन जंतूंना मारण्याआधी ही सेंद्रिय घाण जाळण्यातच खर्च होतो. जंतूंसाठी काही उरत नाही. पावडर टाकल्याची नोंद होते, पाणी मात्र निर्जंतुक होत नाही. म्हणून नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट करून पिवळा रंग येतो का ते पाहायचे असते. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. आपल्या गावात ती टेस्ट टाकीजवळच्या नळावर होते की गावाबाहेरच्या शेवटच्या वस्तीवर, हे एकदा विचारून पाहा.

थोडक्यात, जंतू आपल्या गटारीचे आणि त्यांना वाचवणारी घाण कारखान्याची, अशी ही भागीदारी आहे. यातल्या एकालाच दोष देऊन दुसऱ्याला सुटता येणार नाही.

"तपासणी हे मंडळाचे काम आहे"

आहेच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्यासाठीच आहे आणि १९७४ चा जल प्रदूषण कायदाही त्यासाठीच आहे. नद्यांच्या ठरलेल्या ठिकाणांवरून मंडळ साधारण महिन्याला एक नमुना घेते. वर्षाला बारा.

आता मला सांगा, तुमची शुगर मी महिन्यातून एकदा तपासली आणि तीही तुम्हाला आधी माहीत असलेल्या ठिकाणी, तर बाकीच्या एकोणतीस दिवसांत तुम्ही काय खाल्ले ते मला कळेल का? नदीत घाण सोडणारा दिवसाउजेडी, मंडळाची गाडी पाहून सोडत नाही. तो रात्री सोडतो, पहिल्या पावसात सोडतो, धरणातून आवर्तन आले की त्यात मिसळून सोडतो. तक्रार होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी येते, तोवर पाणी पुढे गेलेले असते आणि अहवाल "मर्यादेत" असा येतो. अहवाल खोटा असतोच असे नाही. तो चुकीच्या दिवसाचा असतो.

त्यात नीरा ही हद्दीची नदी. अलीकडे बारामती-इंदापूर म्हणजे पुणे जिल्हा, पलीकडे फलटण म्हणजे सातारा आणि माळशिरस म्हणजे सोलापूर. पाणी काळे झाले की या काठचा माणूस त्या काठाकडे बोट दाखवतो आणि तो या काठाकडे. सोनगावला कऱ्हा नीरेत मिसळते, मग तर दोष कुणाला द्यायचा हे आणखी सोपे होते: वरच्याला. सगळेच कुणाच्या तरी खाली राहतात आणि कुणाच्या तरी वर. आपण पुण्याला शिव्या देतो; पंढरपूरकरांनी आपल्याला काय म्हणायचे?

मंडळाचे काम मंडळाने करावे, त्यासाठी भांडावे. पण नदीवर रोज असतो कोण? मोटार चालू करायला पहाटे जाणारा शेतकरी, धुणे धुणारी बाई, जाळे टाकणारा कोळी, म्हशी धुणारा पोरगा. नदीचा वास सर्वांत आधी त्यांना येतो. त्यांच्या नाकाला आणि डोळ्यांना वहीत जागा नाही, हे आपले दुखणे आहे.

"आम्ही आरओचे पाणी पितो"

प्या. पण चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: टीडीएस मीटरवर आकडा कमी आला म्हणजे पाणी शुद्ध, असे नाही. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. गटारीचे थेंब मिसळलेल्या पाण्याचा टीडीएससुद्धा सुंदर येऊ शकतो.

दुसरी: गार पाण्याचा जार कुठे भरला, कधी धुतला, हे तुम्हाला माहीत नसते. जारचे पाणी पिणाऱ्या घरांतूनही माझ्याकडे कावीळ येते.

तिसरी: पाणी उकळल्याने जंतू मरतात, ते जरूर उकळा. पण क्षार आणि नायट्रेट उकळून जात नाहीत. पाणी आटले की उलट वाढतात. उसाला टाकलेला युरिया झिरपून विहिरींत नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाचे पावडरचे दूध कालवले, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळे पडू शकते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: तुमच्या घरी आरओ आहे, ऊसतोडणीला आलेल्या टोळीच्या कोपीवर नाही. वीटभट्टीवर नाही. जनावरांच्या गोठ्यात नाही. आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीला येते, पादुकांना नीरेत स्नान घातले जाते आणि हजारो वारकरी त्याच पाण्यात उतरतात. त्यांच्या पायांना चिरा असतात, पायपिटीने अंग थकलेले असते. आंघोळीच्या नदीसाठी देशात ठरवलेले निकष असे आहेत: बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नको आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू शक्यतो ५००, कमाल २५००. पालखी येण्याआधी आठ दिवस हे आकडे सराटीच्या घाटावर फळ्यावर लिहिलेले असावेत, एवढी अपेक्षा फार आहे का?

"कारखाना आपलाच आहे"

खरी अडचण इथे आहे आणि ती कुणी मोठ्याने बोलत नाही. आपल्या दोन तालुक्यांत ऊस म्हणजे मुलीचे लग्न, मुलाची फी, घराचा स्लॅब. कारखान्याविरुद्ध बोललो तर तोड वेळेवर मिळेल का, ऊस फडात वाळेल का, ही भीती खोटी नाही. मी ती समजू शकतो. माझ्याही घरात ऊस आहे.

पण सहकारी कारखान्याचा मालक कोण? सभासद. म्हणजे तुम्ही. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण एफआरपीवरून, कांडेबिलावरून, घरपोच साखरेवरून तावातावाने बोलतो. बोललेच पाहिजे. त्याच सभेत कधी कुणी उठून विचारले आहे का, की डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचे काय होते? प्रक्रिया प्रकल्प वर्षात किती दिवस बंद होता? सांडपाण्यावर सतत नजर ठेवणारी ऑनलाइन यंत्रणा बसवायला केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्यांनाही सांगितले; आपल्या कारखान्याचे ते आकडे सभासदांना कुठे पाहायला मिळतात?

हे प्रश्न विचारल्याने कारखाना बंद पडत नाही. ज्या कारखान्याचे सभासद आधी विचारतात, त्याला बाहेरच्यांनी विचारण्याची पाळी येत नाही. सगळेच कारखाने घाण सोडतात असे मी म्हणत नाही; जे नीट प्रक्रिया करतात, त्यांना तर गावाच्या वहीचा फायदाच आहे. आपल्या बांधावर पाणी स्वच्छ होते, हे दाखवायला त्यांच्याकडे शेजाऱ्यांचीच साक्ष असेल.

लोकांनी भरलेल्या बाटल्या

गावकऱ्यांनी घेतलेल्या नमुन्याला काय किंमत, असे विचारणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची गोष्ट सांगतो. २०१४ मध्ये पैसे वाचवायला त्या शहराचा पाणीपुरवठा फ्लिंट नदीवर वळवला गेला. पाणी तपकिरी येऊ लागले, अंगावर पुरळ उठू लागले. अधिकारी सांगत राहिले, पाणी सुरक्षित आहे. २०१५ मध्ये तिथल्या आयांनी आणि रहिवाशांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांना हाताशी धरले. बाटल्या वाटल्या, कशा भरायच्या ते शिकून घेतले आणि अडीचशेहून अधिक घरांतून नमुने पाठवले. त्यात शिसे सापडले. त्याच सुमारास मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातले शिसे वाढल्याचे आकडे जाहीर केले. त्यांच्यावर आधी टीका झाली. पण ऑक्टोबर २०१५ मध्ये शहराला जुना पाणीपुरवठा परत मिळाला. एका बाजूला लोकांच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांच्या नोंदी; दोन्ही जुळल्यावर "सुरक्षित आहे" हे वाक्य टिकले नाही.

इकडे २०१२ मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. कोल्हापूर जिल्ह्यातले ते शहर आपल्यापेक्षा मागास नाही. तिथेही साखर कारखाने आहेत, सहकार आहे, शिकलेली माणसे आहेत. आपल्याकडे तसे होणार नाही, असे छातीठोकपणे सांगण्यासारखे आपल्याकडे काय वेगळे आहे?

वही कशी ठेवायची

शंभर पानी वही घ्या. गावातली चार-पाच माणसे ठरवा. त्यात किमान दोन बायका आणि एक शाळेतले विज्ञानाचे शिक्षक असू द्या. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण द्यायचे ठरलेले आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते शोधा. किट कपाटात कुलपात असेल तर बाहेर काढा.

१. जागा तीन ठरवा: गावाच्या वर, ओढा किंवा गटार मिळते तिथे, आणि गावाच्या खाली. जागा बदलू नका. खांडज, शिरवली, निरावागज, सोनगाव, पुढे निमसाखर, खोरोची, सराटी, नरसिंहपूर अशा काठच्या गावांनी एकाच दिवशी नोंद घेतली, तर नदी कुठे बिघडते ते आपोआप दिसेल.

२. आठवड्यातून एक वार पक्का करा. शिवाय पाणी बिघडले असे वाटले की लगेच, मग मध्यरात्र का असेना.

३. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे, जलपर्णी, बंधाऱ्याचे ढापे टाकलेले आहेत की काढलेले, आवर्तन चालू आहे की बंद, हे लिहा. याला एक रुपयाही लागत नाही. मोबाइलवर फोटो काढा, त्यात तारीख आणि ठिकाण येईल असे करा.

४. पीएचची पट्टी बुडवा, ६.५ ते ८.५ च्या बाहेर आकडा गेला तर लाल शाईने लिहा. विरघळलेल्या प्राणवायूचे किट मिळाले तर उत्तम. ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे अडचणीत आहेत असे समजा.

५. पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग, ऑइलपेंट सांडल्यासारखा, दिसला तर ते शेवाळ विषारी असू शकते. त्यात हात घालू नका, जनावरे पाजू नका. उजनीच्या फुगवट्याजवळच्या गावांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

६. एचटूएस बाटली नदीच्या पाण्यावर वाया घालवू नका. नदीत ती काळी होणारच. ती विहीर, बोअर आणि शेवटच्या नळासाठी वापरा. खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावून उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवा. काळी झाली तर ते पाणी निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नका. वापरलेली बाटली मुलांच्या हाती देऊ नका.

७. मासे मेलेले असताना पाण्यात उतरू नका. काठावरून, हातमोजे घालून, काठीला बाटली बांधून नमुना घ्या. नंतर साबणाने हात धुवा. ते मासे खाऊ नका, विकू नका.

आपल्या शेतकऱ्याला हे अवघड नाही. माती आणि पाणी तपासून घ्यायला आपण बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात जातोच. डाळिंबाच्या बागेसाठी पाण्याची क्षारता तोंडपाठ सांगणारी माणसे माझ्या ओळखीची आहेत. डाळिंबाला जेवढे जपतो, तेवढे नातवाला जपा, एवढेच सांगणे आहे.

वहीचे पुढे काय करायचे

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर निराशा होणार नाही. तुम्ही भरलेली बाटली कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधिताला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करून घ्यावा लागतो. पण तो अधिकारी योग्य दिवशी, योग्य जागी यावा यासाठी तुमची वही आहे. "पाणी नेहमी घाण असते" या तक्रारीवर कुणी हलत नाही. "मागच्या सहा आठवड्यांत चार वेळा, शनिवारी रात्री, या ओढ्याच्या खाली पाणी काळे झाले, वर स्वच्छ होते" ही तक्रार टाळणे अवघड जाते.

माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मंडळाचे तुमच्या भागातले नमुना अहवाल मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. मंडळ ज्यांना सांडपाणी सोडायची संमती देते, त्यांच्या नोंदवहीची पाहणी करता येते, ती कलम २५ मध्ये तरतूद आहे. संमतीत काय अटी आहेत ते वाचा आणि गावाच्या वहीशी ताडून पाहा. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीवर लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपले कार्ड कोणत्या रंगाचे आहे ते ग्रामसभेत विचारा आणि वही तिथे वाचून दाखवा. ती वाचून दाखवायला वर्षात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर असे चार दिवस तर नक्कीच मिळतात.

आणि गावच्या गटारीचे पान वहीतून फाडू नका. आपल्याच सांडपाण्याची नोंद आपण लपवली, तर कारखान्याला आणि पुण्याला विचारायचा अधिकार आपण गमावला.

आम्हा डॉक्टरांबद्दल

या भांडणात मी स्वतःला बाहेर ठेवत नाही. त्या दिवशी चार मुलांना सलाइन लावून मी घरी पाठवले आणि पुढच्या पेशंटला बोलावले. एकाच वस्तीवरून चार मुले एकाच सकाळी येणे म्हणजे साथीची सूचना. ती मी त्याच दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून द्यायला हवी होती. मी तो फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केला, ओपीडी संपल्यावर. खासगी डॉक्टर साथीची माहिती कळवण्यात आळस करतात, ही तक्रार खरी आहे. त्यात मीही आलो.

आता माझ्या टेबलावरही एक वही आहे. जुलाब, कावीळ, टायफॉइड, अंगावरची खाज: रुग्णाचे नाव नाही, फक्त तारीख, गाव, वस्ती आणि पाणी कुठले. महिन्याच्या शेवटी ती पाने मी आरोग्य केंद्रात देतो. पण ही वही अर्धीच आहे. तिच्या डाव्या पानावर आजार आहे. उजव्या पानावर नदी हवी आणि ती मी दवाखान्यात बसून लिहू शकत नाही.

ती सून परवा आली होती. साध्या खोकल्यासाठी. जाताना म्हणाली, "डॉक्टर, मागल्या मंगळवारी पाण्याला वास हुता. म्या क्यालेंडरवर खूण केलीया."

पुढच्या वेळी येताना तुम्हीही तारीख घेऊन या.